ईयोबाच्या तीन मुली

आमच्या घरात पंडिता रमाबाईंचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. घर पुण्याचे, सदाशिव पेठेतले, आजोबा वकील. त्यांच्या कपाटात रानड्यांची पुस्तके होती, आगरकरांची होती, रमाबाईंचे एकही नव्हते. मी सातवीत असताना, म्हणजे १९६० च्या सुमारास, शाळेतल्या निबंधासाठी थोर स्त्रियांची नावे काढीत ओसरीवर बसलो होतो. जिजाबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी अशी एकेक नावे मोठ्याने म्हणत मी रमाबाईंपर्यंत आलो. आजोबांनी पुढ्यातला पानाचा डबा मिटला आणि ते उठून आत गेले. कोपऱ्यात आत्याआजी भिजवलेले वाल सोलीत बसली होती. आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. लग्न नवव्या वर्षी झाले, नवरा अकराव्या वर्षी गेला, आणि तेव्हापासून लाल आलवणात ती आमच्या स्वयंपाकघरात होती. तिने मान वर केली नाही. वाल सोलता सोलताच म्हणाली,

"केडगावाला तेव्हा आठ आणे पडत."

"कुठून गं?"

"पुण्याहून. तिसऱ्या वर्गाचे."

एवढेच. मी निबंध अहिल्याबाईंवर लिहिला. आत्याआजी १९६३ साली वारली. मी पुढे इतिहासाचा मास्तर झालो, रमाबाईंचा धडा वर्गात निदान तीस वेळा शिकवला. पण अकरा-बारा वर्षांच्या एका विधवा मुलीला केडगावचे रेल्वेभाडे माहीत असणे म्हणजे काय, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. तो कसा झाला, ते सांगण्यासाठीच हा लेख.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझी पत्नी गेली. भेटायला येणारे येत आणि आपापल्या परीने समजूत घालीत. कोणी म्हणे प्रारब्ध, कोणी म्हणे सुटली बिचारी, एकाने तर आम्ही कुलदैवताला किती वर्षांत गेलो नाही याचा हिशेब विचारला. शाळेतले माझे एक जुने सहकारी ख्रिस्ती. ते आले, तासभर बसले, फारसे काही बोलले नाहीत. उठताना पिशवीतून एक जाड, जुने पुस्तक काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. "रमाबाईंचे भाषांतर आहे. माझ्या आजीचे पुस्तक. ईयोब वाचा, सर. घाई नाही. शेवट मात्र सावकाश वाचा."

आता ईयोबाची गोष्ट पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. ऊस देशातला हा सज्जन, श्रीमंत गृहस्थ. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट. एका दिवसात सारे जाते: गुरे लुटली जातात, घर कोसळून मुले मरतात, पुढे अंगभर गळवे उठतात, आणि हा मनुष्य राखेत बसून खापरीने अंग खाजवीत राहतो. एलीफज, बिल्दद आणि सोफर असे तीन मित्र भेटीला येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. माझ्या मते त्या तिघांनी केलेले शहाणपणाचे काम तेवढेच. कारण आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात, आणि बोलतात ते असे की, देव न्यायी आहे, तेव्हा तुला हे भोगावे लागते आहे त्या अर्थी तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असलेच पाहिजे. ईयोब ते मानीत नाही. तो देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शिव्या देतो, जाब विचारतो. आणि गंमत अशी की अखेरीस देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, त्या तीन मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, तो बोलला, असा निवाडा होतो.

हे वाचताना मला हटकून रमाबाईंचे बालपण आठवू लागले. शिकवून शिकवून पाठ झालेल्या सनावळीच्या मागे काय होते ते दिसू लागले.

अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे उभे राहावे लागले होते, आणि तेथे शास्त्राधाराने त्यांनी आपली बाजू राखली होती. गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम केला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पुढे पैसा सरला आणि हे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळात पुराण सांगावे, जे मिळेल त्यातले ब्राह्मणांना दान द्यावे, उरेल त्यावर राहावे, असे वर्षानुवर्षे चालले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी केले ते असे: होते नव्हते ते विकून दान दिले, उपास केले, अनुष्ठाने केली, देव प्रसन्न होईल म्हणून वाट पाहिली. दागिने गेले, भांडी गेली, उंची वस्त्रे गेली. मजुरी करावी तर तिची सवय नाही, आणि भीक मागावी तर अभिमान आडवा येतो. रमाबाईंनी पुढे आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या, त्यात हे काही झाकून ठेवलेले नाही.

शेवटी ही पाच माणसे तिरुपतीजवळच्या रानात मरायला म्हणून शिरली. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि थोडी रानखजुरे यांवर काढली. अनंतशास्त्री थकलेले, दृष्टी गेलेली. त्यांनी तीर्थात जलसमाधी घेण्याचे ठरवले. निरोप घेताना त्यांनी सोळा वर्षांच्या रमेला जवळ घेतले. तू माझे शेंडेफळ, तुला मी देवाच्या हाती दिले आहे, त्याचीच होऊन राहा, अशा अर्थाचे काही ते बोलले. इतक्यात मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला, जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्ही हे करू नका. समाधी राहिली. परंतु म्हातारा पुढे फार दिवस जगला नाही. ते साल १८७४. थोड्याच महिन्यांत आई गेली. आई अन्नान्न करीत होती म्हणून रमा शेजारणीच्या दाराशी गेली, पण मागायला तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने आपणहून भाकरी दिली. ती आणली तेव्हा आईच्या अंगात घास गिळण्याचेही बळ नव्हते. स्मशान दूर, आणि खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. उरलेल्या दोन बाजू भावाने आणि बहिणीने धरल्या. रमा ठेंगणी. तिरडी तिच्या खांद्याला समपातळीत येईना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. मागोमाग थोरली बहीण पटकीने गेली.

येथे एलीफजाचे काम करायला बाहेरून कोणी यावे लागले नाही. डोंगऱ्यांच्या घरातच तो बसलेला होता. आपण सारे यथासांग केले तरी हे का झाले, म्हणजे काहीतरी राहिले असणार. अजून एक तीर्थ, अजून एक व्रत. बहीण-भाऊ त्याच आशेवर पुढे चालत राहिले, अनवाणी, हजारो मैल, काश्मीरपर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत अंगावर वाळू ओढून रात्र काढली. हिमालयात एका सरोवरात सात पर्वत तरंगतात आणि पापी माणसापासून दूर राहतात, अशी ख्याती ऐकून ते तेथे गेले. पुजाऱ्यांनी पाण्यात मगरी आहेत म्हणून बजावले होते. श्रीनिवास पहाटे कोणी नसताना पोहून गेला, आणि पाहतो तो माती-झाडे रचलेले तराफे! प्रवासाच्या त्या हकिकतीत मला हा प्रसंग सर्वांत दुःखाचा वाटतो. भुकेने जे झाले नाही ते त्या तराफ्यांनी केले.

पुढले बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून झटपट सांगतो. १८७८ साली कलकत्त्यास आगमन, संस्कृतावरील प्रभुत्व पाहून तेथील पंडितांनी दिलेली 'पंडिता' व 'सरस्वती' ही बिरुदे. १८८० मध्ये भावाचा मृत्यू. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह, जातीबाहेरचा. १८८१ च्या एप्रिलात मनोरमेचा जन्म. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी नवराही पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी ही बाई एका तान्ह्या मुलीखेरीज पूर्ण एकटी होती.

यातली दोन पुस्तके मात्र डोळ्यांआड करू नयेत. कलकत्त्यास एका ख्रिस्ती मंडळींच्या बैठकीत तिला संस्कृत भाषेतले बायबल भेट मिळाले. तिने ते उघडले आणि मिटले. ती भाषा संस्कृत असूनही तिच्या ओळखीची नव्हती. वाचणे म्हणजे वेळ घालवणे वाटले, असे तिनेच लिहिले आहे. दुसरे पुस्तक सिल्चरला नवऱ्याच्या घरी सापडले: बंगालीतले लूककृत शुभवर्तमान, एक लहानशी चोपडी. ते मात्र तिने वाचले. पंडितांच्या भाषेतले पुस्तक पंडितेला परके वाटले आणि घरच्या बोलीतले जवळचे वाटले, ही गोष्ट पुढे कामाला येणार होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील मठभगिनींकडे. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. परक्या मुलखात, जवळचे एकुलते एक मराठी माणूस असे गेल्यावर मनाची काय अवस्था झाली असेल! त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराचा वाद शंभरावर वर्षे चालू आहे आणि तो येथे उकरून काढण्याचा माझा विचार नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही, झालोही नाही. परंतु त्यांच्या मनाने काय पकडले, हे त्यांच्याच शब्दांवरून कळते. लंडनमध्ये फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. अशा बायकांना कोणी जवळ करते, हे त्यांना नवे होते. त्यांनी कारण विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई, पाच नवरे झालेले, आता आहे तो नवरा नव्हे, परजातीची. आणि तिच्याजवळ येशू पाणी मागतो, तिच्याशी धर्माची चर्चा करतो. ज्या मुलीच्या बापाला बायकोशी धर्माची चर्चा केली म्हणून सभेपुढे उभे केले होते, तिला या गोष्टीत काय दिसले असेल?

म्हणून त्या निमूटपणे सारे मानू लागल्या असे मुळीच नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, ती मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असा त्यातला सूर. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, त्यावरही त्यांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात घालायचा क्रूस असेल तर त्यावर संस्कृत का नको? या बाणेदारपणापुढे माझ्यासारखा मास्तर टोपी काढतो. आणि त्याहून मोलाची गोष्ट त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत कबूल केली आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता, असे त्या म्हणतात. ती शांती १८९१ च्या सुमारास लाभली. तोवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघालेले होते, पुण्याला आलेले होते. म्हणजे काम आधी सुरू झाले, खात्री मागाहून आली. मला हा क्रम फार आवडतो.

१८९३ चा वादंग सर्वश्रुत आहे: मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात म्हणून बोभाटा झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या घरातले मौन तेथून सुरू झालेले. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण राजीनामे देणाऱ्यांच्या घरच्या विधवांना दुसरे दार कुठले होते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी विचारला. त्यांच्या दुसऱ्या पत्नी गोदूबाई शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी वीस वर्षांपूर्वीची आपली भूक ओळखली. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली गोळा करून आणू लागल्या; तीनशेंच्या आसपास झाल्या. पुण्यात प्लेगामुळे एवढी माणसे ठेवण्यास बंदी, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर तंबूत नेले. तेथे विहिरी खणल्या, झाडे लावली, आणि १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धालय, छापखाना, सारे मुलींच्या हाती. आंधळ्यांच्या घराचे नाव बार्तीमी सदन. बार्तीमय हा शुभवर्तमानातला रस्त्याकडेचा आंधळा भिकारी. लोक गप्प कर म्हणून दटावतात तरी तो अधिकच मोठ्याने हाक मारतो. नावे ठेवताना बाईंनी काय वाचून ठेवली हे पाहण्यासारखे आहे.

दुष्काळ का पडतो, आई का मेली, याचे उत्तर रमाबाईंना त्या पुस्तकात मिळाले असे मला कोठे दिसत नाही. निदान त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. मिळाले ते हे, की असा प्रश्न विचारणारा मनुष्य पापी ठरत नाही. ईयोबाला तेवढेच मिळाले होते. बाकी वेळ त्यांनी विहिरी खणण्यात घालवला.

आणि भाषांतरात. मराठी बायबल तेव्हा होते, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर; मुक्तीतल्या कुणब्याच्या, महाराच्या, भिल्लाच्या पोरीला ती समजेना. कलकत्त्याचे ते मिटलेले पुस्तक येथे आठवावे. रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या, कोशांचे ढीग घेऊन बसल्या आणि सगळे बायबल साध्या, बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणू लागल्या. छापखाना घरचा, खिळे जुळवणाऱ्या मुली घरच्या. बाईंना ऐकू कमी येई. पुढे पुढे तर फारच कमी. त्या खोलीत पुष्कळसे व्यवहार लिहून चालत असावेत, अशी माझी आपली कल्पना.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. मिरजेच्या इस्पितळात. चाळीस वर्षांच्या, बी.ए. झालेल्या, आईचा उजवा हात. संस्था पुढे तिनेच चालवायची असे ठरलेले. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा शेवटली मुद्रिते हातावेगळी झाली होती. ती पुरी होईपर्यंत दहा दिवस दे, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि तेवढेच दिवस त्यांना मिळाले, असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

आता ईयोबाचा शेवट. सहकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे मी तो सावकाश वाचला. देव ईयोबाला गेलेले सारे दुप्पट देतो: सात हजारांची चौदा हजार मेंढरे, तीन हजारांचे सहा हजार उंट. मुले मात्र दुप्पट नाहीत. पूर्वीसारखेच सात मुलगे आणि तीन मुली. जुने टीकाकार याचा अर्थ असा लावतात की गुरे मेली ती गेली, पण मेलेली मुले ईयोबाची होतीच, म्हणून ती मोजावी लागली नाहीत. मला तेव्हा पत्नीच्या रिकाम्या खाटेकडे पाहून हा अर्थ पटला. नवे मिळाले म्हणून जुने परत येत नाही; आणि जुने पुसलेही जात नाही. दोन हजार मुली झाल्या तरी मनोरमा मनोरमाच.

पण मी थबकलो तो पुढच्या ओळीशी. सात मुलग्यांची नावे त्या ग्रंथाने सांगितलेलीच नाहीत. मुलींची सांगितली आहेत, तिघींची: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूख. आणि लगेच असे म्हटले आहे की बापाने त्यांना भावांबरोबर वतन दिले. जगातल्या इतक्या जुन्या पुस्तकात, राखेतून उठलेला एक बाप पहिली गोष्ट कोणती करतो, तर मुलींना वाटा देतो! रमाबाईंनी हे वाक्य इब्रीतून मराठीत आणले आणि केडगावच्या छापखान्यात ज्या मुलीने ते खिळ्यांत जुळवले, तिला बापाचे नावही कदाचित ठाऊक नसेल.

पुस्तक बाजूला ठेवले, तेव्हा मला आत्याआजी आठवली. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, वाटणीपत्र केले होते. ते माझ्या कपाटात आहे. त्यात भावांची नावे आहेत, विहिरीतल्या पाण्याचे हिस्से आहेत, एका गाईचाही उल्लेख आहे. तिच्यासाठी एक ओळ आहे: दोन वेळचे अन्न आणि वर्षाला दोन आलवणे. नाव नाही. 'घरातील विधवा' असे लिहिले आहे.

त्याच महिन्यात मी सकाळच्या गाडीने केडगावला गेलो. स्टेशन लहान, दौंडच्या अलीकडचे. मुक्तिमिशन आजही आहे, मुली आहेत, झाडे मोठी झाली आहेत. मी फार वेळ थांबलो नाही. परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. आठ आणे तिने कोणाला विचारले असतील? स्टेशनावर स्वतः गेली असेल, की पाणी भरायला येणाऱ्या बाईकडून काढून घेतले असतील? आणि साठले होते का तिच्याजवळ, की सात आण्यांवरच अडले? गाडी आली तेव्हा तिकीट हातात तसेच होते. पुण्यास उतरताना ते टाकायचे राहून गेले. घरी आल्यावर रमाबाईंच्या पुस्तकात, त्या पानाशी, ते खुणेसाठी घालून ठेवले.